मराठी-इंग्लिश पॉडकास्ट करायचाय? आधी ठरव, कोणाच्या कानात बोलणारेस

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "ताई, मी पुण्यात नोकरी करते, थोडंफार लिहिते, आमची आजी गोष्टी भारी सांगते आणि दादाची मुलं मेलबर्नला असतात, त्यांना मराठी समजतं पण बोलत नाहीत. मला मराठी आणि इंग्लिश दोन्हीत पॉडकास्ट करायचाय, गोष्टी, कविता, घरच्यांशी गप्पा असा. प्रत्येक एपिसोड दोनदा करू का? एक चॅनेल की दोन? माईक कुठला घेऊ? आणि आवडत्या कवींच्या कविता वाचल्या तर चालतात का?"

मी हे आठेक वर्षं करतेय, त्याआधी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून ड्यूट्या केल्या, म्हणजे आधी बोलायचे पैसे मिळायचे आणि आता पदरचे घालून बोलते. माईकचं मुद्दाम नंतर सांगते कारण सगळे तिथूनच सुरू करतात, महिनाभर यूट्यूबवर माईकचे रिव्ह्यू बघतात आणि तिथेच घोडं अडतं.

आधी तुझा पहिला प्रश्न. प्रत्येक एपिसोड दोनदा करू नको. मी केले होते, पहिले अकरा. मराठीत एक, मग तोच इंग्लिशमध्ये. मेहनत डबल हे तर झालंच पण इंग्लिशवाला एपिसोड मेलेला निघायचा, आणि का निघतो ते कळायला मला अकरा एपिसोड लागले. कोकणातल्या मामाच्या घरातली एक गोष्ट होती, रात्री वळचणीला काहीतरी खुडबुडतंय आणि आम्ही पोरं पडवीत गोधड्या डोक्यावर घेऊन पडलोय अशी. मराठीत सहा मिनिटं. इंग्लिशमध्ये पडवी समजावली, मग माजघर समजावलं, मग वळचण म्हणजे कौलांचा तो पुढे आलेला भाग जिथून पाणी गळतं, असं करत करत गोष्ट नऊ मिनिटांची झाली आणि त्यातली तीन मिनिटं मी घराचा नकाशा विकायला बसल्यासारखी बोलत होते. भुताची भीती कोणाला वाटणार? भाची म्हणाली, "मावशी, धिस इज लाइक होमवर्क." बरोबरच होतं तिचं.

मग दुसरा प्रयोग केला, एक वाक्य मराठी एक वाक्य इंग्लिश. तो तर त्याहून वाईट. रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट आठव, तीच गोष्ट तीन भाषांत, आणि ज्याला पहिल्यांदाच समजलं तो तोवर गाडी पकडून गेलेला असतो. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला सगळं दोनदा ऐकावं लागतं, आणि तुझे बहुतेक ऐकणारे दोन्ही भाषा येणारेच असणार आहेत बघ, मराठी माणूसच ना शेवटी.

जे जमलं ते असं. दोन भाषांना दोन वेगळी कामं द्यायची. माझ्याकडे गोष्ट अख्खी मराठीत असते, मध्ये एकही इंग्लिश वाक्य नाही. पण सुरुवातीला एक-दीड मिनिट मी इंग्लिशमध्ये बोलते, परदेशातल्या त्या पोरांशी थेट, पत्र लिहिल्यासारखं: आज एक मुलगा येणारे, तो खोटं बोलणारे, आणि तुम्ही तीन शब्द पकडायचे. वळचण, धांदल, चोरपावलं. तिन्ही शब्द एकदा सावकाश म्हणते, अर्थ एका ओळीत, आणि मग गोष्ट सुरू. बस. समजतं पण बोलत नाही अशा पोरांना भाषांतर नको असतं गं, त्यांना हात धरून उंबऱ्यापर्यंत न्यायचं असतं, आत ती आपली आपण हिंडतात. आणि ते तीन शब्द ती अक्षरशः टपून ऐकतात, भाचीचा धाकटा 'धांदल' आला की ओरडतो म्हणे. शब्द निवडताना मात्र सोपे नको घेऊ, ज्यांचा आवाजच मजेदार आहे आणि गोष्टीत ज्यांच्यावर काहीतरी अडलंय असे घे.

उलटंही असतं. काही गोष्टी मला इंग्लिशमध्येच सुचतात, ऑफिसातल्या, पहिल्या इंटरव्ह्यूची फजिती वगैरे, त्या मी मराठीत सांगायला गेले की उगाच भाषण होतं. त्या इंग्लिशमध्येच ठेवते, भाषांतर नाही. म्हणजे माझा कार्यक्रम द्विभाषिक आहे पण एकच गोष्ट दोन भाषांत असं जवळजवळ कुठेच नाही. तू प्रत्येक एपिसोडच्या आधी एक माणूस ठरव, खरा, नाव-चेहरा असलेला, की आज मी याच्या कानात बोलतेय. आजीची मैत्रीण की दादाचा मुलगा की ऑफिसातला तमिळ मित्र. भाषा मग आपोआप ठरते, आणि "आता हे इंग्लिशमध्ये पण सांगायला हवं का" हा किडा निघून जातो.

चॅनेल एकच ठेव. दोन काढली की त्यातलं एक सहा महिन्यांत झोपतं, माझंही झोपलं. फक्त एक तांत्रिक गोष्ट माहीत असू दे. पॉडकास्ट म्हणजे आतून एक आरएसएस फीड असते, म्हणजे तुझ्या एपिसोडची यादी सगळ्या अॅपना पुरवणारी फाइल, आणि त्यात भाषा लिहायची जागा पूर्ण कार्यक्रमाला एकच असते, एपिसोडगणिक वेगळी नाही. म्हणजे होस्टिंगवर, एपिसोडच्या फाइली जिथे ठेवतात त्या सेवेवर, नाव घालताना तुला मराठी किंवा इंग्लिश एक निवडावंच लागेल. मराठी निवड. इंग्लिशच्या समुद्रात तुझा एक थेंब कोणाला दिसायचा नाही, मराठीत त्या मानाने गर्दी कमी. मग एपिसोडच्या नावात भाषा सांगून टाक, मराठी एपिसोडचं नाव देवनागरीत, इंग्लिशचं रोमन लिपीत, म्हणजे वेगळं लेबलच लागत नाही. आणि माहितीच्या परिच्छेदात मराठी नाव रोमन लिपीतही एकदा लिही, कारण आपले अर्धे लोक मराठी सगळं रोमनमध्येच टाइप करून शोधतात, त्यांना देवनागरी कीबोर्ड लावायचा कंटाळा. होस्टिंग फुकटातलं घेतलंस तरी चालेल सुरुवातीला, फक्त फीड दुसरीकडे हलवता येते ना ते बघून घे. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती त्यांचं काही बिघडलं नाही, ऐकणारे दुसऱ्या अॅपवर गेले, विषय संपला.

कवितांवर जरा थांबते, कारण इथे लोक सगळ्यात जास्त गडबड करतात. कविता वाचली आणि लगेच तिचं इंग्लिश वाचलं की दोन्ही पडतात. मूळ कविता अजून कानात उतरलेली नसते, त्यावर तू दुसरं पाणी ओततेस. मी मध्ये एक मिनिट बोलते, आणि तेही फक्त एका शब्दाबद्दल. तुकोबांचा वृक्षवल्लीचा अभंग घे. त्यातला 'सोयरे' इंग्लिशमध्ये नेला की 'रिलेटिव्ह्ज' होतो आणि सगळा जीवच जातो त्यातला. आपल्याकडे भाऊबंद वेगळे आणि सोयरे वेगळे. भाऊबंद जन्माने मिळतात, सोयरीक जुळवावी लागते. झाडं रक्ताची नाहीत, नातं जोडून घेतलंय, हे त्या एका शब्दात आहे. एवढं मी इंग्लिशमध्ये सांगितलं आणि भाषांतर वाचलंच नाही, पुन्हा एकदा मूळ अभंग वाचला. त्या एपिसोडला जेवढे मेल आले तेवढे आख्ख्या वर्षात आले नव्हते, आणि त्यातले निम्मे अमराठी लोकांचे.

वाचताना छापलेल्या ओळीप्रमाणे वाचू नको, आकड्यावर वाच. 'मोठा अभंग' नावाचा छंद सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा असतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण खाली उतरतो. तो चार अक्षरांचा उतार आवाजात आला नाही तर अभंग बातमीसारखा ऐकू येतो. बोटांवर मोजून बघ दोन-चार वेळा, मग सोडून दे. आणि स्वतःच्या कविता वाचशील तेव्हा कविसंमेलनातली सवय घरी ठेव, ती प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची. तिथे दाद येईपर्यंत वेळ काढायचा असतो म्हणून ती दोनदा म्हणतात, इथे ऐकणाऱ्याच्या हातात मागे जायचं बटण आहे.

कविता संपल्यावर तीन सेकंद काही बोलायचं नाही. पण ती शांतता एडिटिंगमध्ये पूर्ण शून्य करून टाकू नकोस, नेट गेलं वाटतं लोकांना आणि फोन बघायला लागतात. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आधी अर्धा मिनिट गप्प बस, खोलीचा जो काही स्वतःचा बारीक आवाज असतो तो टेप होऊ दे, तोच तुकडा नंतर अशा जागी भरायचा. रेडिओतले लोक याला रूम टोन म्हणतात. फुकटातला सगळ्यात उपयोगी आवाज आहे तो.

हक्कांचं आता. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे केशवसुत १९०५ ला गेले, बालकवी १९१८ ला, बिनधास्त वाच. मर्ढेकर १९५६ ला गेले, त्यांनी हयातीत छापलेलं २०१७ च्या सुरुवातीपासून मोकळं झालं. बहिणाबाई १९५१ ला गेल्या पण कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ ला, मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तीही २०१२ अखेर संपली. पण कुसुमाग्रज १९९९ ला गेले, त्यांचं २०५९ संपेपर्यंत राखीव, विंदा २०१० ला, म्हणजे २०७० अखेरपर्यंत. "मी पैसे कमवत नाही मग काय हरकत" असं लोक म्हणतात, आणि "दहा सेकंद गाणं वाजवलं तर चालतं" हेही, पण कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही. समीक्षा करताना चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि अख्खी कविता मागे सतार लावून वाचणं वेगळं.

दोन भाषांवाल्यांची खरी फसगत पुढे आहे. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. तू कुसुमाग्रजांच्या कवितेचं स्वतः इंग्लिश केलंस आणि तेवढंच वाचलंस तरी परवानगी लागते. आणि याच्या उलट, तुकोबा मोकळे आहेत म्हणून त्यांची इंग्लिश भाषांतरं मोकळी होत नाहीत. दिलीप चित्र्यांनी तुकोबांचं जे इंग्लिश केलंय ते त्यांचं, आणि ते २००९ ला गेले, तर हिशेब कर. म्हणून तुकोबा वाचायचे तर इंग्लिश स्वतःचं कर, मोडकंतोडकं का होईना. परवानगी मागणं वाटतं तितकं अवघड नसतं, प्रकाशकाला साधा मेल टाकायचा, कुठली कविता, कुठे वाचणार, फुकट आहे का, भाषांतर करणार का. मला बऱ्याचदा हो आलंय, कधी उत्तरच आलं नाही, ज्याचं आलं नाही ते वाचलं नाही.

आता आजी. हाच तुझ्या पॉडकास्टचा जीव असणारे म्हणून नीट सांगते.

मी पहिल्यांदा माझ्या आत्याला रेकॉर्ड करायला संगमनेरला गेले तेव्हा वीस प्रश्न लिहून नेले होते. आत्या इस्त्रीचं पातळ नेसून, ताठ बसून, "नमस्कार श्रोतेहो" म्हणाली. पुढचा पाऊण तास ती शाळेच्या निबंधासारखं बोलली, आमच्या काळी माणसं साधी होती, दूध शुद्ध होतं. एक वाक्य वापरता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मेथीच्या चार जुड्या आणल्या, तिच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं निवडू आपण. हात कामात गुंतले की जीभ मोकळी होते, हे मी आकाशवाणीत नाही शिकले, तिथे शिकले. आणि प्रश्न मोठे नाही विचारायचे. "तुमच्या काळी कसं होतं" असं विचारलं की दूध शुद्धच होणार. मी विचारलं, आत्या, जातं कुठे असायचं गं? "मागल्या सोप्यात. खुंटा ढिला झाला की चिंधी कोंबायचो त्यात." मग चिंधी कसली, तर जुन्या लुगड्याची, मग कोणाचं लुगडं, असं करत ती आपोआप गुणगुणायला लागली. दोन ओव्या झाल्या आणि एकदम थांबली. "पुढची जावेवरची ए. ती नको तुझ्या मशीनमध्ये."

तिथे मी मशीन बंद केलं. दाखवून, तिच्यासमोर. मग तिने मला ती ओवी म्हणून दाखवली आणि ती माझ्याकडे रेकॉर्डेड नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हाताऱ्या माणसाचा पहिला "हो गं, टाक की" हा होकार धरायचा नाही. त्यांना वाटतं घरातल्याच कोणाला ऐकवणारे. मी दोनदा विचारते, एकदा आधी आणि एकदा एडिट केलेलं ऐकवून, आणि दुसऱ्या वेळी प्रश्न हा असतो: तुझ्या सासरच्यांनी ऐकलं तर चालेल ना? हा प्रश्न विचारला की खरं उत्तर येतं. आत्याच्या एपिसोडमधून त्या प्रश्नानंतर सात मिनिटं गेली, दोन भावांतल्या बांधाच्या भांडणाची, ऐकायला अफाट होती, पण भाऊबंदकी अजून जिवंत आहे आणि कोर्टात तारखा पडतायत. कायद्याने पण असं आहे की ओवी कोणाच्या मालकीची नाही, पण तिने ती जशी म्हटली त्या म्हणण्यावर तिचा हक्क असतो, कलाकाराचा हक्क म्हणतात त्याला, पन्नास वर्षांचा. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं फार मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी उभं केलं, लाखाच्या वर ओव्या आहेत त्यात, आणि म्हणणारीचं नाव-गाव प्रत्येक ओवीला जोडलेलं. तेवढं तर आपणही करू शकतो, नाव-गाव सांगायचं, तिला चालत असेल तर.

ऐकताना "हं, हं, अच्छा" करू नको. नुसती मान हलव. तुझं प्रत्येक हं तिच्या वाक्यावर चढतं आणि ते नंतर सोलून काढता येत नाही. ती बोलायची थांबली की मनात पाच मोज. तीनपर्यंत अवघडल्यासारखं होतं, चारला ती स्वतःच पुढचं सांगते.

मग हे इंग्लिशवाल्यांना कसं ऐकवायचं? आजीच्या आवाजावर पहिल्या अक्षरापासून इंग्लिश चढवू नकोस, कार्टून डब केल्यासारखं होतं. आधी आठ-दहा सेकंद तिचा आवाज पूर्ण मोठ्याने जाऊ दे, ज्याला मराठीचं म पण येत नाही त्यालाही ती कोण आहे ते त्या दहा सेकंदांत कळतं. मग तो आवाज हळूहळू खाली ने, अगदी बंद नाही, आणि वर तू शांतपणे सांग. पण "मी तेव्हा नऊ वर्षांची होते" असं तिच्या वतीने बोलू नको, "आजी सांगतेय की ती तेव्हा नऊ वर्षांची होती" असं तू तू राहून सांग. आणि तिचं शेवटचं वाक्य पुन्हा मोकळं सोड, त्यावर काही नाही. तोवर अर्थ माहीत झालेला असतो, त्यामुळे ते शेवटचं मराठी वाक्य त्यांना चक्क समजल्यासारखं वाटतं. एवढी एक युक्ती मला रेडिओने दिली.

मेलबर्नच्या पोरांशी गप्पा करशील तेव्हा वेळेचं बघ, मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. व्हॉट्सअॅप कॉलचं रेकॉर्डिंग वापरू नको. दोघांनी आपापल्या फोनवर आपापला आवाज टेप करायचा, कॉल नुसता बोलण्यापुरता, हेडफोन लावून. सुरुवातीला एक-दोन-तीन म्हणून दोघांनी टाळी वाजवायची, एडिट करताना दोन टाळ्या एकावर एक बसवल्या की झालं. त्यांनी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, व्हॉइस नोट म्हणून नाही, व्हॉइस नोटमध्ये आवाज पिळून निघतो. आणि पोरांचे उच्चार सुधारत बसू नको. भाची 'चूल' म्हणताना चिंचेतला च वापरते, मला सुरुवातीला दातात खडा आल्यासारखं व्हायचं, आता मी ते तसंच ठेवते. एकदा मध्येच टोकलं होतं तर पुढची वीस मिनिटं ती इंग्लिशमध्येच बोलली. तेच मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या पाहुण्यांचं, त्यांना 'शुद्ध' करायला गेलीस की ते गप्प होतात किंवा पुस्तक होतात.

हां, माईक. घरातला फोन आणि हजारेक रुपयांच्या आतबाहेर मिळणारा बोयासारखा कॉलर माईक यावर वर्षभर आरामात निघतं. खर्च करायचाच तर खोलीवर कर, म्हणजे खर्च नाहीच, कपाट उघडं टाकून कपड्यांकडे तोंड करून बोल, मागे गादी उभी कर. माझा पहिला चांगला एपिसोड गोधडी डोक्यावर घेऊन झालाय, मे महिन्यात, पंखा बंद करून, घामाघूम. आजीला माईक लावताना पदराला लावू नको, ती पदर सावरते आणि खसखस येते, शिवाय बांगड्या. ब्लाउजच्या गळ्याला पिन कर, किंवा सरळ फोन टेबलावर ठेव, खाली टॉवेलची चौपदरी घडी घालून, नाहीतर टेबलावर हात आपटलेला प्रत्येक वेळी धप्प ऐकू येतं. फ्रिज बंद कर आणि गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेव. हसू नको, एकदा आत्याच्या फ्रिजमधलं श्रीखंड माझ्यामुळे गेलंय, किल्ल्या आत असल्या की निघताना फ्रिज उघडावाच लागतो.

एक गोष्ट इंग्लिश व्हिडिओंत कोणी सांगत नाही. आपली भाषा माईकवर जास्त फुंकते. प तर त्यांच्याकडेही आहे, पण आपल्याकडे फ, भ, ध, ठ, घ, सगळे हवा घेऊन येतात. "भाऊ फार भडकला" हे वाक्य माईकसमोर सरळ म्हणून बघ, तीन भक्क. म्हणून माईक तोंडासमोर नाही, ओठांच्या कोपऱ्याशी, साधारण वीतभर अंतरावर आणि थोडा तिरका. तेवढ्याने काम होतं. मराठी आणि इंग्लिश एकाच एपिसोडमध्ये बोलत असशील तर अजून एक होतं, भाषा बदलली की आवाजाची पट्टी बदलते, इंग्लिशमध्ये बहुतेकांचा आवाज वर जातो आणि वेग वाढतो. माझा जायचा, कॉल सेंटरसारखा. दोन भाषांचे भाग वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड कर, मध्ये पाणी पी, आधी आदल्या भागाची दोन वाक्यं ऐक आणि मग बोल.

एडिटिंगला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरे होतं. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, तिथे फक्त ट्रकची आणि मिक्सरची घरघर असते. सगळ्या भागांचा आवाज सारखा आणून ठेव, अॅपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं माप) आसपासची आहे, ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन म्हणून आहे, तिथे तो आकडा टाकायचा. नुसतं बोलणं असेल तर मोनो, ६४ केबीपीएसची एमपीथ्री बनव, अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबी होते. हे मुद्दाम सांगते कारण आजीच्या मैत्रिणी काही पॉडकास्टचं अॅप घेणार नाहीयेत, त्यांना फाइल व्हॉट्सअॅपवरच जाणार, आणि तिथे ऐकलेलं कुठल्याही डाउनलोडच्या आकड्यात दिसत नाही. माझ्या डॅशबोर्डवर ४० दिसत होते तेव्हा संगमनेरच्या भजनी मंडळात तो एपिसोड सगळ्यांचा ऐकून झाला होता.

किती वेळाने टाकायचे ते तू नाही विचारलंस पण सांगते, पंधरा दिवसांनी एक, आणि चार तयार असल्याशिवाय पहिला टाकू नको. सुरुवातीचं संगीत पाच सेकंद, नमनाला घडाभर तेल नको.

आणि मूळ रेकॉर्डिंग, न कापलेलं, दोन ठिकाणी ठेव. फोनमध्ये जागा पुरत नाही म्हणून मी आत्याच्या त्या मेथीच्या दुपारची मूळ फाइल उडवली, प्रसिद्ध झालेला एपिसोड आहे ना म्हणून. आता चुलत भावाला तिच्या आईच्या माहेरच्या विहिरीबद्दल ती काय म्हणाली होती ते हवंय. ते मी 'रटाळ' म्हणून कापलं होतं.